टेबलाखालची भाषा : एका आगगाडी-मंडळाचा शब्दसंसार

भाषेचा इतिहास शोधायचा म्हटले की आपण शिलालेख, पोथ्या, बखरी, पत्रव्यवहार यांच्याकडे वळतो. छंदिष्ट मंडळींच्या सभांची इतिवृत्ते आपण सहसा उघडत नाही. परंतु गेल्या शतकात जन्मून जगभर पसरलेल्या एका शब्दाचा माग काढणाऱ्या अभ्यासकांना अशाच एका इतिवृत्तापाशी येऊन थांबावे लागले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (यापुढे एमआयटी) या संस्थेत छोट्या आगगाड्या चालवणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते, आणि ते आजही आहे. त्याचे नाव टेक मॉडेल रेलरोड क्लब. या मंडळाच्या एप्रिल १९५५ मधील सभेच्या इतिवृत्तात एका सदस्याची विनंती नोंदवलेली आहे. तिचा आशय असा की विजेच्या यंत्रणेवर जो कोणी काम करीत असेल किंवा 'हॅकिंग' करीत असेल, त्याने आधी वीजपुरवठा बंद करावा, म्हणजे फ्यूज उडणार नाही. यंत्राशी खटपट करणे या अर्थाने 'हॅक' हे क्रियापद वापरल्याचा आजवर सापडलेला हा सर्वांत जुना लेखी पुरावा मानला जातो.

आज जगातील सर्व भाषांच्या वर्तमानपत्रांत, मराठीतही, ज्या शब्दाने भय उत्पन्न होते, त्याची पहिली नोंद अशी घरगुती आहे. काम करा, पण फ्यूज उडवू नका. कारण तो एकट्याचा नाही. आम्हांला या नोंदीचे महत्त्व वाटते ते एवढ्याचसाठी. एखाद्या मंडळाचे सदस्य असणे म्हणजे नेमके काय, आणि मंडळात जन्मलेला शब्द मंडळाबाहेर पडला की त्याच्यापासून काय सुटून जाते, या दोन प्रश्नांचा विचार या इतिहासाच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मंडळाची स्थापना १९४६ ची. त्याची खोली एमआयटीच्या 'बिल्डिंग २०' या इमारतीत होती. ही इमारत १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, रडारच्या संशोधनासाठी घाईघाईने उभारलेली होती. लाकडी, तात्पुरती आणि युद्ध संपताच पाडून टाकावयाची अशी ती वास्तू. पण ती १९९८ पर्यंत उभी राहिली. तिच्या भिंतींना भोके पाडायला कोणाची परवानगी लागत नसे, तारा हव्या तशा नेता येत, आणि प्रतिष्ठित विभागांना नको असलेल्या सर्वांना तिथे जागा मिळे. साहित्याच्या व भाषेच्या अध्यापकांनी लक्षात ठेवावे असे आणखी एक साहचर्य या इमारतीला आहे. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांचे भाषाविज्ञानातील काम याच इमारतीत दीर्घकाळ चालले. एकाच छपराखाली एकीकडे भाषेच्या सार्वत्रिक नियमांचा शोध चालू होता आणि दुसरीकडे आगगाडीवाली पोरे आपल्यापुरती एक अत्यंत स्थानिक भाषा घडवत होती.

छोट्या आगगाड्यांचा छंद घरातल्या घरात, एकट्यानेही करता येतो. मग मंडळ कशासाठी? याचे पहिले उत्तर जागा हे आहे. या मंडळाच्या गाड्या 'एचओ' प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या साधारण सत्याऐंशीव्या हिश्श्याच्या. एवढ्या लहान प्रमाणातही डोंगर, गाव, स्थानक, मालधक्का आणि वळणे घेत जाणारे रूळ मांडायचे तर एक सबंध खोली लागते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे आणि ते विजेशी निगडित आहे. त्या काळच्या अशा गाडीच्या इंजिनाला वीज रुळांतूनच मिळे. सगळे रूळ एकाच जोडणीत असतील तर त्यांच्यावरची सगळी इंजिने एकदमच धावणार आणि एकदमच थांबणार. दोघांना दोन गाड्या स्वतंत्रपणे चालवायच्या असतील तर रुळांचे विजेच्या दृष्टीने तुकडे पाडावे लागतात, आणि कोणता तुकडा कोणत्या क्षणी कोणाच्या ताब्यात राहील हे ठरवावे लागते. गाडी पुढच्या तुकड्यात गेली की ताबाही पुढे सरकला पाहिजे आणि मागचा तुकडा दुसऱ्यासाठी मोकळा झाला पाहिजे. म्हणजे एकाच रुळावर अनेकांनी कसे नांदावे हा प्रश्न इथे तारांच्या आणि खटक्यांच्या रूपाने सोडवावा लागतो. सहजीवनाचा प्रश्न इतक्या मूर्त स्वरूपात फार थोड्या मंडळांपुढे उभा राहत असेल.

या मंडळाचे अंतरंग आपल्याला आज ज्ञात आहे ते मुख्यतः स्टीव्हन लेव्ही यांच्या १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॅकर्स' या पुस्तकामुळे. १९५८-५९ च्या सुमाराचे जे चित्र लेव्ही रंगवतात, त्यात मंडळाचे दोन तट स्पष्ट दिसतात. एक तट टेबलाच्या वरचा. या मंडळींच्या हाती कोरणी आणि कुंचला. विशिष्ट रेल्वेचे विशिष्ट इंजिन हुबेहूब करावे, डब्यांवरचा रंग अचूक यावा, देखावा खरा वाटावा, हा त्यांचा ध्यास. ते रेल्वेविषयक मासिके मागवीत आणि जुन्या मार्गांवरच्या प्रवासाचे बेत आखीत. यात नुसती हौस नव्हती. त्याच दशकात अमेरिकेतील रेल्वेवरून वाफेची इंजिने झपाट्याने नाहीशी होत होती आणि त्यांची जागा डिझेल घेत होते. जे डोळ्यांदेखत संपत होते ते टेबलावर जपून ठेवण्याचा हा उद्योग होता. त्याला आम्ही शोकगीताच्या जातीचा म्हणू.

दुसरा तट टेबलाखालचा. त्याचे अधिकृत नाव 'सिग्नल्स अँड पॉवर' उपसमिती. या मंडळींना वरच्या डोंगरदऱ्यांशी फारसे कर्तव्य नव्हते. त्यांचे जग म्हणजे टेबलाच्या पोटातील तारांचे जाळे, ज्याला ते नुसते 'सिस्टिम' म्हणत. तिचे बरेचसे सामान मूळचे टेलिफोनचे होते. वेस्टर्न इलेक्ट्रिक ही टेलिफोनची यंत्रे बनवणारी कंपनी महाविद्यालयांना उपकरणे भेट देत असे, आणि त्यांतील बरीच या खोलीत पोहोचत. टेलिफोनची तबकडी फिरवून गाडीवाला आपल्याला हवा तो रुळाचा तुकडा ताब्यात घेई. टेबलाखाली रिले आणि पायरीपायरीने सरकणारे खटके कडकडत, आणि वीज एका तुकड्यातून दुसऱ्यात गेल्याचे कानांनीच कळे. पाहुणे येत ते टेबलावरचा देखावा पाहायला. सदस्यांचे खरे जगणे मात्र पाठीवर झोपून, हातात डाग लावण्याचे अवजार घेऊन, टेबलाखाली चाले.

मंडळाचे सदस्य होणे वर्गणीपुरते नव्हते. लेव्ही सांगतात त्याप्रमाणे, मांडणीवर चाळीस तास काम केले की सदस्याला खोलीची किल्ली मिळे. नव्या विद्यार्थ्यांना निरनिराळ्या मंडळांची ओळख करून देणारा मेळावा एका शुक्रवारी झाला. तिथे पीटर सॅम्सन नावाच्या विद्यार्थ्याने ही खोली पाहिली, आणि सोमवारी त्याच्या हातात किल्ली होती. या गोष्टीत अतिशयोक्तीचा गंध येईल. पण अशा मंडळांचे मर्म तीत नेमके उतरले आहे. वंश, वर्ग, परीक्षेतील गुण, शिफारस यांपैकी कशानेही ही किल्ली मिळत नसे. ती मिळे ती घालवलेल्या तासांनी. आणि किल्ली म्हणजे खोलीत अपरात्री एकट्याने जाण्याचा अधिकार. म्हणजेच सर्वांच्या श्रमाची वस्तू एकट्याच्या हाती सोपवण्याइतका विश्वास.

हाच सॅम्सन पुढे या मंडळाचा कोशकार झाला. जून १९५९ मध्ये त्याने मंडळाच्या भाषेचा एक छोटा कोश सिद्ध केला. वरवर ही थट्टा आहे. पण कोशकाराची शिस्त तीत आहे. 'हॅक' या शब्दाचे अर्थ त्याने क्रमांक घालून दिले आहेत, आणि त्यांतील पहिलाच अर्थ कोणताही विधायक हेतू नसताना केलेली गोष्ट असा आहे. म्हणजे आज ज्या शब्दाभोवती अभिमान आणि भीती दोन्ही दाटल्या आहेत, त्याची व्याख्या त्याच्या पहिल्या कोशकाराने स्वतःचीच टर उडवीत केली. साचलेल्या निरुपयोगी अडगळीसाठी 'क्रफ्ट', पार विस्कटून गेलेल्या वस्तूसाठी 'मंग' अशा शब्दांचा तिथे वावर होता. 'फू' या निरर्थक शब्दाची नोंद तर आपल्याला विशेष रंजक वाटेल. 'ॐ मणिपद्मे हूं' या बौद्ध मंत्राचे विडंबन करून त्याच्या आरंभी 'फू' बसवला आहे. पुढे संगणकाच्या पाठ्यपुस्तकांत कोणत्याही अनामिक राशीला 'फू' म्हणण्याची जी रीत पडली, तिचा या खोलीशी निकटचा संबंध आहे. खोलीत जागोजागी धोक्याच्या वेळी दाबायची बटणे होती. एखादे दाबले की गाड्यांच्या घड्याळाचे आकडे जाऊन तिथे 'फू' ही अक्षरे उमटत.

बंदिस्त समूहाची भाषा आपल्याला अपरिचित नाही. व्यापाऱ्यांची नंदभाषा मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. पण नंदभाषेचा हेतू लपवणे हा होता; गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायचा आणि गिऱ्हाइकाला तो कळू द्यायचा नाही. आगगाडी-मंडळाच्या शब्दांना असा कोणी बाहेरचा माणूस अभिप्रेत नव्हता. ते निर्माण झाले ते हाताखालच्या कामाला तयार शब्द नव्हते म्हणून. टेबलाखाली दोघे जण झोपलेले आहेत, एकाने चिमटा धरला आहे, दुसरा तार शोधतो आहे. अशा वेळी काय बिघडले आहे हे एका अवयवात सांगणारा शब्द लागतो. तो कोणीतरी उच्चारतो, दुसऱ्याला तो कळतो, आणि तो राहतो. शब्द समितीत ठरत नाही. आधी काम सामाईक असते, नंतर शब्द सामाईक होतो.

या मंडळाच्या इतिहासाला खरा सांधा बदलून मिळाला तो १९५८-५९ च्या सुमारास. एमआयटीच्या 'बिल्डिंग २६' मध्ये आयबीएमचा एक प्रचंड संगणक होता. पण त्याला हात लावण्याची सोय नव्हती. छिद्रे पाडलेली पत्रे खिडकीतून द्यायची आणि उत्तराची वाट पाहायची. १९५८ मध्ये लिंकन प्रयोगशाळेतून 'टीएक्स-झिरो' हा ट्रान्झिस्टरांवर चालणारा संगणक संस्थेत आला. त्याच्यापुढे मात्र माणसाला स्वतः बसता येई. मंडळाचे जुने सदस्य जॅक डेनिस यांनी टेबलाखालच्या मंडळींना त्या यंत्रापर्यंत नेले. रात्रीच्या मोकळ्या वेळा मिळवून ही मुले तिथे बसू लागली. रिले आणि खटके यांच्या जाळ्यात विचार करण्याची सवय असलेल्यांना हे यंत्र परके वाटले नाही. ती त्यांच्या दृष्टीने आणखी मोठी 'सिस्टिम' होती. सॅम्सनने तिच्याकडून बाखचे सूर वाजवून घेतले. १९६१ मध्ये 'पीडीपी-वन' हा संगणक आला आणि १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल व त्याच्या मित्रांनी त्यावर 'स्पेसवॉर' हा अवकाशयुद्धाचा खेळ रचला. तो खेळताना यंत्राची बटणे दाबून हात दुखू लागले, तेव्हा अ‍ॅलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी हातात धरायचे खटके बनवले. त्यांचे सामान आगगाडी-मंडळाच्या खोलीतून आलेले होते. जगभरच्या घरांत पुढे पोहोचलेल्या खेळ-यंत्रांच्या पूर्वजांत टेबलाखालची ही अडगळ आहे.

यंत्राबरोबर शब्दही खोलीबाहेर पडले. १९७५ मध्ये स्टॅनफर्ड येथे राफेल फिंकेल यांनी संगणकवाल्यांच्या बोलीची एक यादी सुरू केली. तीत एमआयटीच्या शब्दांची भर पडत गेली, आणि १९८३ मध्ये तिचे पुस्तक झाले. त्याच वर्षी 'वॉरगेम्स' हा चित्रपट आला आणि दुसऱ्यांच्या संगणकांत शिरकाव करणाऱ्या मिलवॉकीच्या तरुणांची प्रकरणे अमेरिकेत गाजली. सर्वसामान्य वाचकाला 'हॅकर' या शब्दाची ओळख झाली ती या वाटेने, घुसखोर म्हणून. मराठीतही तो आला तेव्हा हाच अर्थ बरोबर घेऊन आला. 'खाते हॅक झाले' या आपल्या वाक्यात तर कर्ताच उरलेला नाही. उरला आहे फक्त नुकसान झालेला माणूस. आगगाडी-मंडळाची भूमिका मात्र ठाम आहे. कल्पकतेने एखादी चतुर गोष्ट साधणारा तो हॅकर, एवढाच मूळ अर्थ आपण मानतो, असे ते सांगते.

मूळ अर्थाची ही ग्वाही भावनेला पटते. इतिहासाला ती पूर्णतः पटत नाही. २० नोव्हेंबर १९६३ च्या 'द टेक' या एमआयटीच्याच विद्यार्थी-वृत्तपत्रात दूरध्वनीच्या हॅकरांची एक बातमी आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांना जोडणाऱ्या दूरध्वनीच्या वाहिन्या अडवून ठेवणे, लांबच्या संभाषणांचा आकार दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे, बाहेरची वाहिनी शोधण्यासाठी 'पीडीपी-वन'ला दूरध्वनीशी जोडणे असे उद्योग तीत नोंदवले आहेत. मंडळाचे नाव या बातमीशी जोडण्याचे कारण नाही. पण आवार तेच, शब्द तोच, यंत्रेही तीच. म्हणजे चांगला अर्थ आधी होता आणि बाहेरच्या अज्ञ पत्रकारांनी तो बिघडवला, ही कथा अपुरी आहे. दुसरा अर्थ पहिल्याच्या शेजारी, नऊ वर्षांच्या आत उगवला होता.

मराठी वाचकाला याचे आश्चर्य वाटू नये. आपल्याकडे 'खटपट' हा शब्द आहे. तोही ध्वनीवरून आलेला. काहीतरी जोडताना, ठोकताना होणाऱ्या आवाजाचा. त्यातून चिकाटीच्या उद्योगाचा अर्थ निघाला आणि त्यातूनच कारस्थानाचाही. खटपट्या माणूस घरातला बिघडलेला पंखा दुरुस्त करतो, आणि खटपट्या माणूसच सत्तेच्या दालनात डावपेच लढवतो. शब्द एकच, कौशल्यही बव्हंशी एकच. फरक आहे तो खटपट कोणासाठी आणि कोणाच्या संमतीने चालली आहे याचा. 'हॅक'ची गत याहून निराळी नाही.

मग १९५५ च्या त्या नोंदीत असे काय होते जे पुढे हरवले? आमच्या मते ती वीज बंद करण्याची विनंती. त्या खोलीत हवी ती खटपट करण्याची मोकळीक होती. पण ज्या जाळ्यावर खटपट करायची ते जाळे सर्वांचे होते आणि फ्यूज उडाला तर सर्वांचाच खोळंबा होई. नुकसान ज्याचे व्हायचे तो त्याच टेबलाखाली, हाताच्या अंतरावर असे. त्यामुळे स्वातंत्र्य आणि भान यांची जोड घालून देण्यासाठी नियमावलीची गरज नव्हती. खोलीच ते काम करीत होती. शब्द खोलीबाहेर पडला, आणि खटपट करणारा व नुकसान सोसणारा यांच्यामध्ये हजारो मैल पडले. कौशल्य पोहोचले, शब्द पोहोचला. सामाईक फ्यूज मात्र मागेच राहिला.

याचा अर्थ त्या खोलीला सुवर्णयुग मानावे असा नाही. किल्ली आहे तिथे कुलूपही असते. लेव्हींच्या चित्रातील या वर्तुळात मुली दिसत नाहीत, आणि त्याची नोंद खुद्द लेव्हींनीच घेतली आहे. तासांनी मिळणारी किल्ली निःपक्षपाती वाटते खरी. पण अपरात्रीचे चाळीस तास ज्याच्यापाशी मोकळे आहेत, ज्याला रात्री बाहेर राहिल्याबद्दल कोणी जाब विचारत नाही, त्यालाच ती मिळते. मोफत वाटणाऱ्या वस्तूचीही किंमत असते, आणि ती सर्वांना सारखी परवडत नाही. शिवाय एका खोलीपुरते भान बाळगणारी माणसे खोलीबाहेरच्यांविषयी तितकीच जागरूक असतील, याची हमी कोणतेच मंडळ देऊ शकत नाही. १९६३ ची बातमी नेमके हेच सांगते.

१९९८ मध्ये बिल्डिंग २० पाडण्यात आली. तिच्या जागी फ्रँक गेरी यांनी रचलेली स्टाटा सेंटर ही वास्तू २००४ मध्ये उघडली. मंडळाला दुसरी जागा मिळाली. पण अर्धशतक वाढत गेलेली ती मांडणी तिथे उचलून नेता येण्याजोगी नव्हती. तिचा बराचसा भाग नष्ट झाला आणि सदस्यांनी नव्याने रूळ टाकायला घेतले. नव्या मांडणीत त्यांनी संस्थेच्या ग्रीन बिल्डिंग या उंच इमारतीची प्रतिकृती केली आणि तिच्या खिडक्यांत दिवे बसवून त्यांवर 'टेट्रिस' हा खेळ खेळता येईल अशी सोय केली. पुढे एप्रिल २०१२ मध्ये एमआयटीतील हॅकरांनी खऱ्या ग्रीन बिल्डिंगच्याच खिडक्यांवर तो खेळ उजळून दाखवला. प्रतिकृती आधी आणि मूळ वस्तू नंतर, असा हा उलटा प्रवास. कुंचलेवाल्यांचा देखावा आणि तारावाल्यांची खटपट या दोन तटांचा समेट त्या छोट्या इमारतीत झालेला दिसतो.

टेबलावरचे डोंगर गेले, टेबलाखालच्या तारा गेल्या, इमारतही गेली. टिकली ती भाषा. भाषेच्या अध्यापकांना यात समाधान वाटणे साहजिक आहे, पण इथेच थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. संगणकाच्या क्षेत्रासाठी मराठी परिभाषा घडवताना आपण प्रतिशब्दांची चर्चा पुष्कळ करतो. संस्कृत घ्यावा की देशी, सुटसुटीत घ्यावा की अर्थवाही, हे प्रश्न आवश्यकच आहेत. परंतु आगगाडी-मंडळाचा इतिहास त्यांच्याही आधीचा एक प्रश्न पुढे करतो. ज्यांनी शब्द वापरायचा आहे त्यांचे टेबल कोणते? मराठीत बोलत, मराठीत चिडत, एकमेकांच्या हाताखाली काम करणारी किती मंडळे आपल्या महाविद्यालयांत आहेत, आणि त्यांच्या खोल्यांच्या किल्ल्या किती जणांना, किती जणींना मिळतात? अशी खोली असेल तर शब्द आपोआप येतील. त्यांतले काही ओबडधोबड असतील, काही थट्टेचे असतील, काहींना दोन अर्थ फुटतील. आपले काम त्यांना नाके मुरडण्याचे नाही. सॅम्सनने केले तसे, क्रमांक घालून त्यांची नोंद ठेवण्याचे आहे. आणि शब्दाच्या अर्थाबरोबर त्याचा फ्यूज कुठे होता, हेही लिहून ठेवण्याचे आहे.